खुणेवरून मिळणारे ज्ञान : सी-पेप्टाइड चाचणी आणि न्यायदर्शनातील अनुमान

मनुष्याच्या देहात जे चालते त्यापैकी फार थोडे प्रत्यक्षाच्या कक्षेत येते. नाडी हाताला लागते, श्वास ऐकू येतो. परंतु जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करीत आहेत की नाहीत, आणि करीत असल्या तर किती, हे रोग्याला जाणवत नाही आणि वैद्यालाही दिसत नाही. तरीही आयुष्यभर सुई टोचून घ्यावी लागेल की गोळ्यांवर भागेल, हा निर्णय बऱ्याच अंशी त्या न दिसणाऱ्या कामावरच अवलंबून असतो. सी-पेप्टाइड ही रक्तचाचणी या अडचणीतून मार्ग काढते. ती इन्सुलिन मोजत नाही. इन्सुलिनबरोबर जन्मणाऱ्या दुसऱ्याच एका पदार्थावरून इन्सुलिनच्या निर्मितीचा अंदाज घेते. त्यामुळे ही चाचणी समजून घेणे म्हणजे वैद्यकातील एक तंत्र समजून घेणे तर आहेच, पण त्याबरोबरच जे दिसत नाही त्याचे ज्ञान खुणेवरून होते तेव्हा नेमके काय कळते आणि कोणत्या अटींवर कळते, या जुन्या तात्त्विक प्रश्नाला पुन्हा सामोरे जाणेही आहे. भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार न्यायदर्शनाने केला, आणि त्या विचाराच्या उजेडात ही चाचणी वाचली तर तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

प्रथम त्या पदार्थाची ओळख करून घेतली पाहिजे. इन्सुलिन हे प्रथिन दोन साखळ्यांचे बनलेले असते: ‘ए’ साखळीत 21 आणि ‘बी’ साखळीत 30 अमिनो आम्ले असतात, म्हणजे प्रथिने ज्यांच्यापासून घडतात असे घटक असतात. मात्र पेशी या दोन साखळ्या वेगवेगळ्या तयार करून नंतर जोडीत नाही. ती आधी 86 अमिनो आम्लांची एकच लांब साखळी घडवते, तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. तिच्या मध्यभागी असलेला जोडणारा तुकडा साखळीला अशा रीतीने वळण देतो की तिची दोन्ही टोके एकमेकांसमोर येतात आणि त्यांच्यात गंधकाचे बंध जुळतात. एकदा हे बंध पक्के झाले की विकरे मधला तुकडा कापून बाजूला काढतात. त्यात सांध्यावरची चार अमिनो आम्ले गळून जातात आणि 31 अमिनो आम्लांचा जो तुकडा उरतो तोच सी-पेप्टाइड. इन्सुलिन आणि हा तुकडा एकाच सूक्ष्म पिशवीत साठवले जातात आणि पेशीतून एकाच वेळी बाहेर पडतात. म्हणून इन्सुलिनचे जितके रेणू रक्तात सुटतात, तितकेच सी-पेप्टाइडचेही सुटतात.

हा संबंध माणसाला फार उशिरा कळला. 1921 साली टोरांटोत इन्सुलिन वेगळे काढण्यात यश आले, पुढच्याच वर्षी ते रोग्यांना दिले जाऊ लागले, आणि फ्रेडरिक सँगर यांनी त्यातील अमिनो आम्लांचा क्रम उलगडला म्हणून त्यांना 1958 साली नोबेल पारितोषिकही मिळाले; पण ते शरीरात कसे घडते हे तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. शिकागो विद्यापीठातील डोनाल्ड स्टायनर यांनी इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीचे, म्हणजे इन्सुलिनोमाचे, तुकडे किरणोत्सारी खूण केलेल्या अमिनो आम्लांबरोबर ठेवले आणि ती खूण कोणत्या प्रथिनात कधी उमटते हे पाहिले. खूण प्रथम इन्सुलिनपेक्षा मोठ्या एका प्रथिनात दिसली आणि काही वेळाने इन्सुलिनमध्ये उतरली. यावरून मोठे प्रथिन हे इन्सुलिनचे पूर्वरूप असले पाहिजे, हा निष्कर्ष 1967 साली प्रसिद्ध झाला. प्रोइन्सुलिनचा शोध हाच मुळी खुणेच्या मागोव्याने अदृष्टापर्यंत पोचण्याचा एक नमुना होता.

मग थेट इन्सुलिनच का मोजू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याला दोन कारणे आहेत. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रथम यकृतात जाते आणि तेथे त्याचा जवळजवळ अर्धा भाग काढून घेतला जातो. जे पुढे रक्ताभिसरणात येते तेही अवघ्या काही मिनिटांत निम्म्यावर येते. हातातून काढलेल्या रक्तात जे इन्सुलिन सापडते ते निर्मितीचा असा कमीअधिक होणारा उरलेला अंश असते. सी-पेप्टाइड मात्र यकृतातून फारसे न घटता पुढे जाते, त्याला निम्मे व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि त्याचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांकडून होतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. औषध म्हणून टोचल्या जाणाऱ्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. त्यामुळे सुई घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातील इन्सुलिन स्वतःचे किती आणि बाहेरचे किती हे इन्सुलिन मोजून सांगता येत नाही, पण सी-पेप्टाइड आढळले तर ते त्याच्या स्वतःच्या पेशींचेच असते.

या तर्काची घडण न्यायदर्शनाच्या परिभाषेत मांडता येते. ज्याविषयी काही सिद्ध करावयाचे ते अधिष्ठान म्हणजे पक्ष. येथे तो या रोग्याचा स्वादुपिंड आहे. जे सिद्ध करावयाचे ते साध्य. येथे ती इन्सुलिनची निर्मिती आहे. ज्या खुणेवरून ते सिद्ध करावयाचे ती खूण म्हणजे लिंग किंवा हेतू. येथे तो रक्तातील सी-पेप्टाइड आहे. आणि खूण व साध्य यांच्यातील अव्यभिचारी साहचर्य, म्हणजे जेथे जेथे खूण तेथे तेथे साध्य असणारच असा नियम, ही व्याप्ती होय. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे जाणणे हे या प्रक्रियेचे परंपरेतील नेहमीचे उदाहरण आहे. न्यायसूत्रांत गौतमांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले, आणि भाष्यकार वात्स्यायनांच्या एका स्पष्टीकरणानुसार त्यातील शेषवत् हा प्रकार कार्यावरून कारणाकडे जाणारा आहे: नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे ओळखणे. सी-पेप्टाइडवरून इन्सुलिनच्या निर्मितीकडे जाणे याच जातीचे आहे, कारण तेथेही प्रवाहात आलेल्या वस्तूवरून उगमाशी काय घडले हे ठरवले जाते.

परंतु न्यायसूत्रांचे मोठेपण अनुमानाची व्याख्या करण्यात जितके आहे, त्याहून अधिक ते अनुमानावरील आक्षेप जसेच्या तसे मांडून घेण्यात आहे. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो की अनुमान हे प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधनच, नव्हे, कारण खूण फसवते, आणि ती तीन प्रकारे फसवते. नदी पावसाशिवाय केवळ पुढे बांध पडल्यानेही फुगते, हा रोध. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार असे म्हणावे, तर वारुळाला धक्का लागल्यानेही त्या निघतात, हा उपघात. मोराची केका ऐकून मोर आहे असे म्हणावे, तर माणूसही मोरासारखा ओरडू शकतो, हे सादृश्य. कार्य अडवले गेल्याने, मूळ स्थानाला इजा झाल्याने आणि एका वस्तूसारखी दुसरी वस्तू भासल्याने अनुमान चुकते, असा या आक्षेपाचा सारांश आहे. सी-पेप्टाइड चाचणी जेथे जेथे चुकते, तेथील प्रमुख चुका या तीनच सदरांत बसतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

रोधाचे उदाहरण मूत्रपिंडांचे आहे. सी-पेप्टाइडचा निचरा मूत्रपिंडांवर अवलंबून असल्यामुळे ती निकामी होऊ लागली की रक्तातील त्याची पातळी वाढते, आणि ही वाढ निर्मिती वाढल्यामुळे झालेली नसते. पुढचा मार्ग अडल्यामुळे पाणी तुंबावे तशी ती असते. दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्रपिंडांना इजा होणे हे सामान्य असल्याने ही अडचण नेमकी ज्यांना चाचणीची गरज असते अशांपैकी अनेकांच्या बाबतीत उभी राहते. मूत्रपिंडांची स्थिती सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा न पाहता सी-पेप्टाइडचा आकडा वाचणे म्हणजे नदीपात्राची पुढची बाजू न पाहता पुराचा अर्थ लावणे होय.

उपघात अधिक सूक्ष्म आहे. रक्तातील साखर अनेक दिवस फार चढलेली राहिली तर त्या साखरेच्याच माऱ्याने बीटा पेशी काही काळ थकतात आणि स्रवणे कमी करतात. याला ग्लुकोजची विषाक्तता म्हणतात. अशा वेळी घेतलेल्या नमुन्यात सी-पेप्टाइड कमी आढळते आणि पेशी नष्ट झाल्या आहेत असा समज होतो, परंतु साखर ताब्यात आल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच स्रवणे बऱ्यापैकी परत येऊ शकते. उलट बाजूनेही हेच घडते. उपाशी माणसाची साखर खाली असेल तर निरोगी पेशीही विसावतात, कारण इन्सुलिनची त्या क्षणी गरज नसते. म्हणून त्याच नमुन्यातील ग्लुकोज ठाऊक असल्याखेरीज सी-पेप्टाइडच्या आकड्याला अर्थ नसतो, आणि म्हणूनच पेशींची खरी ताकद पाहायची असल्यास ठराविक मिश्र आहार देऊन किंवा ग्लुकॅगॉन हे संप्रेरक टोचून, म्हणजे पेशींना कामाला लावून, मग रक्त घेतले जाते.

सादृश्याची कसोटी रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरलेल्या रोग्याच्या बाबतीत लागते. समजा, एखादा माणूस घाम येऊन, भ्रमिष्ट होऊन रुग्णालयात आणला गेला, साखर अत्यंत कमी आहे आणि रक्तात इन्सुलिन भरपूर आहे. इन्सुलिन भरपूर आहे म्हणजे स्वादुपिंडात ते स्रवणारी गाठ असावी, हे अनुमान पटण्यासारखे दिसते. पण त्याच नमुन्यात सी-पेप्टाइड जवळजवळ नाही असे आढळले तर ते इन्सुलिन बाहेरून आलेले आहे, कुणीतरी टोचले आहे किंवा त्याने स्वतः टोचून घेतले आहे, हे उघड होते. मोराचा आवाज माणसाचा निघतो. आणि दोन्ही चढलेली आढळली तरी गाठ सिद्ध होत नाही, कारण सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या शरीराच्या स्वतःच्याच पेशींकडून इन्सुलिन स्रवून घेतात. खूण निर्मिती झाल्याचे सांगते, पण ती कशामुळे झाली याविषयी ती मौन पाळते, आणि त्यासाठी रक्तातील औषधाचा शोध ही निराळी चाचणी करावी लागते. याखेरीज केस व नखांसाठी घेतले जाणारे बायोटिन काही यंत्रांच्या मोजणीतच घोळ घालू शकते, तेव्हा खूण आहे असे वाटणे आणि खूण असणे हे दोन वेगळे प्रश्न ठरतात.

सिद्धांती या आक्षेपाला जे उत्तर देतो ते तत्त्वचिंतनाच्या इतिहासात अत्यंत मोलाचे आहे. तो खूण कधी फसवत नाही असा दावा करीत नाही. तो म्हणतो की बांधामुळे तुंबलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर या दोन भिन्न वस्तू आहेत: पावसाच्या पुराला वेग असतो, त्यावर फेस असतो, त्यात पाने, फळे, लाकडे वाहत येतात. ज्याने ही विशेष लक्षणे न पाहता नुसते पाणी वाढलेले पाहिले आणि निष्कर्ष काढला, त्याने खऱ्या खुणेवरून अनुमान केलेच नाही. वात्स्यायनांच्या मते येथे अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नाही. पुढे नव्यन्यायाने हाच मुद्दा उपाधीच्या विचारातून अधिक बारीक केला. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे म्हणता येत नाही, कारण मध्ये ओल्या सरपणाची अट आहे; ती न ओळखता मांडलेला नियम सोपाधिक, म्हणजे लपलेल्या अटीवर टेकलेला असतो. सी-पेप्टाइडची पातळी ही निर्मितीची मापक आहे, या विधानामागे मूत्रपिंडे शाबूत असणे, साखर ठाऊक असणे, नमुना नीट राखला जाणे अशा अनेक अटी दडलेल्या आहेत. या शेवटच्या अटीकडे सहसा लक्ष जात नाही: साध्या नळीत रक्त तासन्‌तास उष्णतेत राहिले तर सी-पेप्टाइड विघटित होते आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून रक्तद्रव लवकर वेगळा करून थंड ठेवावा लागतो, किंवा ईडीटीए हे रसायन असलेल्या नळीत रक्त घ्यावे लागते, ज्यात ते निदान एक दिवस टिकते.

खूण आढळली तर काय, याचा विचार येथवर झाला; खूण आढळली नाही तर काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी तसे मानले नाही, पण एका अटीवर सर्वांचेच एकमत होते: वस्तू न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा ती असती तर दिसलीच असती. अंधाऱ्या खोलीत घडा दिसत नाही म्हणून घडा नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नसतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते, आणि काही वर्षांत त्या पूर्णपणे संपतात असे दीर्घकाळ शिकवले जात होते, कारण रक्तात सी-पेप्टाइड सापडत नसे. पुढे अधिक संवेदनशील मोजणी हाती आली. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्राने हा आजार 50 वर्षांहून अधिक काळ अंगावर बाळगणाऱ्या रोग्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात अल्पसे का होईना सी-पेप्टाइड मिळाले. ज्याला अभाव म्हटले होते ती मोजणाऱ्या साधनाची असमर्थता होती.

हाच धडा खुद्द सी-पेप्टाइडच्या कार्याबाबतही मिळतो. साखळीला वळण देऊन झाल्यावर ते निरुपयोगी असते, असे अनेक वर्षे मानले गेले. त्याचे स्वतंत्र कार्य आढळले नव्हते, यापलीकडे त्या समजुतीला आधार नव्हता. स्वीडनमधील जॉन वाहरेन आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकापासून रक्तप्रवाह, मूत्रपिंडे आणि नसा यांवर त्याचे काही परिणाम दाखवले, तेव्हा उलट बाजूने मोठी आशा निर्माण झाली. पण दीर्घकाळ टिकणाऱ्या सी-पेप्टाइडची जी औषधचाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात नसांच्या संदेशवहनात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. न दिसण्यावरून घाईने ‘नाही’ म्हणणे जितके अप्रमाण, तितकेच थोड्या दिसण्यावरून ‘आहेच’ म्हणणेही अप्रमाण, हे या एका तुकड्याच्या इतिहासावरून शिकता येते.

या साऱ्या विचाराला नैतिक बाजू आहे, आणि मधुमेहाच्या बाबतीत ती विशेष तीव्र आहे, कारण या आजारात रोग्याला दोष देण्याची सवय समाजाला लागलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगवर्गाचे, दोन भेद सांगितले आहेत: मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला सहज, आणि अपथ्यातून उद्‌भवलेला. पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा बहुधा स्थूल असतो असे तेथे म्हटले आहे, आणि उपचारही त्यानुसार भिन्न सांगितले आहेत. आधुनिक वर्गीकरण या ग्रंथात आधीच होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु एकाच लक्षणामागे दोन भिन्न कारणे असू शकतात आणि कारण ओळखल्याशिवाय उपचार करू नये, ही शिस्त तेथे स्पष्ट आहे. अडचण अशी की शरीराची ठेवण ही खूणही सव्यभिचार आहे, म्हणजे ती साध्य असताना आढळते तशी साध्य नसतानाही आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के चरबी होती. बारीक दिसणारा भारतीय माणूस इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराचा असू शकतो, आणि तितकाच बारीक दुसरा माणूस इन्सुलिनच कमी पडणारा असू शकतो. डोळ्यांना दोघे सारखेच दिसतात.

अशा वेळी सी-पेप्टाइड डोळ्यांचा निवाडा दुरुस्त करते. चाळिशीत मधुमेह झालेल्या, गोळ्या नेमाने घेऊनही साखर न आवरणाऱ्या आणि पथ्य पाळत नाही असा ठपका घरात व बाहेर सोसणाऱ्या माणसाच्या रक्तात, साखर चढलेली असताना सी-पेप्टाइड लिटरमागे 0.2 नॅनोमोलपेक्षा, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण 0.6 नॅनोग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर दोष त्याच्या जिभेचा नसून इन्सुलिनच्या तीव्र अभावाचा आहे असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर तो आधार अधिक बळकट होतो. लिटरमागे 0.6 नॅनोमोलच्या वर आकडा असेल तर कल दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. आणि या दोहोंच्या मधला आकडा आला तर संशय आहे असे म्हणून काही काळाने पुन्हा पाहणे हेच प्रामाणिक ठरते. न्यायदर्शनाने संशय हा विचाराचा आरंभबिंदू म्हणून सोळा पदार्थांत मोजला. त्याला उणीव मानून लपवले नाही. मधल्या आकड्याला घाईने एखाद्या प्रकाराचे नाव चिकटवणाऱ्या अहवालापेक्षा ‘अजून ठरत नाही’ असे सांगणारा अहवाल ज्ञानाच्या दृष्टीने श्रेष्ठ असतो.

म्हणून ही चाचणी समजून घेणे याचा अर्थ तिचा सामान्य पल्ला पाठ करणे एवढाच घेता येणार नाही. आकडा हा हेतू आहे, निष्कर्ष नव्हे, आणि हेतूपासून निष्कर्षापर्यंतची वाट उपाधींच्या परीक्षणातून जाते. चार्वाकांनी या वाटेवर कधीच पूर्ण खात्री मिळत नाही म्हणून अनुमान नाकारले. आंधळा विश्वास ठेवणारा माणूस परीक्षण टाळून आकड्यालाच निर्णय मानतो. न्यायाची भूमिका या दोहोंहून कष्टाची आहे, कारण ती खुणेवर विश्वास ठेवायला सांगते आणि त्या विश्वासाची जबाबदारी जाणणाऱ्यावर टाकते. रोग्याच्या बाबतीत ही जबाबदारी केवळ बौद्धिक राहत नाही. वैद्याच्या हातून चुकीचे अनुमान झाले तर त्याचा निष्कर्ष तेवढा चुकतो, पण ज्याला इन्सुलिनची गरज असताना वर्षानुवर्षे केवळ पथ्याचा उपदेश मिळतो, किंवा गरज नसताना सुई लागते, तो ती चूक स्वतःच्या देहात भोगतो. मूत्रपिंडांची स्थिती विचारणे, त्याच वेळची साखर पाहणे, औषधांची चौकशी करणे आणि संशय उरला तर तो उघड सांगणे, ही साधी कामे म्हणूनच चिकित्सकाच्या सत्यनिष्ठेचा आणि करुणेचा एकच आचार ठरतात. आणि ती करवून घेण्याचा हक्क रोग्यालाही असतो.